समुद्र दूर, तरी पाणी समुद्राचे : जंबो कोळंबीच्या बीजासाठी खारे पाणी कसे कालवावे?

शेततळ्यात किंवा गावतळ्यात माशांसोबत जंबो कोळंबी सोडण्याकडे नंदुरबार जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा आणि मच्छीमार गटांचा कल वाढतो आहे. काही भागांत तिला झिंगा म्हणतात. अडचण बीजाची येते. बीज बाहेरून आणावे लागते, प्रवासात मरतुक होते, आणि हवे तेव्हा मिळेलच याची खात्री नसते. मग प्रश्न येतो, "बीज आपणच तयार केले तर?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "त्याला खारे पाणी लागते म्हणे. किराणा दुकानातले मीठ टाकले तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, आणि मग काय टाकायचे, हे या लेखात पाहू. घरात प्रवाळाचे मत्स्यालय ठेवणारे शहरी हौशी लोक जे पाणी बादलीत कालवतात, तेच आपल्याला टाकीत कालवायचे आहे, फक्त सौम्य प्रमाणात.

गोड्या पाण्यातली कोळंबी, मग खारे पाणी कशाला?

जंबो कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिचे बाळपण खाडीत जाते. अंडी पोटाशी घेऊन मादी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरते, मचूळ पाण्यात अंडी फुटतात, अळ्या तिथेच वाढतात आणि अंगात बळ आले की पिल्ले पुन्हा नदी चढू लागतात. नर्मदेच्या मुखाशी, भरूचच्या खाडीत ही कोळंबी पूर्वीपासून धरली जाते. तीच नर्मदा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांना लागून वाहते. पण मध्ये सरदार सरोवर उभे आहे. तापीवर उकाई आणि काकरापार आहेत. धरणाच्या भिंतीपलीकडून पिल्लू वर येऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या पाणसाठ्यांत कोळंबी हवी असेल तर बीज सोडण्यावाचून मार्ग नाही.

अळ्यांना खारे पाणी लागते हे माणसाला फार उशिरा कळले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग या मत्स्यतज्ज्ञांनी ते शोधून काढले. त्याआधी गोड्या पाण्यात अंडी फुटायची आणि काही दिवसांत सगळ्या अळ्या मरायच्या. पुढे हवाई बेटांवर ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याची पद्धत बसवली. आज जगभरच्या बीज केंद्रांत अळ्या साधारण १२ पीपीटी, म्हणजे लिटरला १२ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात वाढवतात. समुद्राचे पाणी ३५ पीपीटी असते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अळी अकरा अवस्थांतून जाते, प्रत्येक वेळी कात टाकते आणि साधारण महिनाभरात पोस्ट लार्वा, म्हणजे बोलीत 'पीएल', तयार होते. म्हणजे खाऱ्या पाण्याची गरज एका बॅचला महिन्याभराचीच असते. पण त्या महिन्यात पाणी चुकले तर हाती काही उरत नाही.

मीठ म्हणजे समुद्र नाही

मीठ समुद्रापासूनच बनते, मग मीठ पाण्यात टाकले की समुद्र परत तयार व्हायला हवा, असे वाटणे साहजिक आहे. पण मिठागरात काय घडते ते पाहा. समुद्राचे पाणी उन्हात आटत जाते तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतो. पाणी आणखी घट्ट झाले की मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बहुतेक भाग वरच्या कडू पाण्यात राहतो, आणि ते पाणी काढून टाकतात. खाण्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, नाहीतर मीठ कडू लागले असते. पण हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड.

कोळंबीच्या अळीला कात टाकल्यावर नवे कवच घट्ट करायला कॅल्शियम लागते. शरीरातील क्षार आणि पाण्याचा तोल राखायला पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लागते. समुद्रात सोडियम आणि पोटॅशियमचे वजनी प्रमाण साधारण २७ ला १, तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे ३ ला १ असते. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार यांनी त्यांपैकी ७७ नमुने तपासून दाखवले की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच असते. आपल्याला गाठायचे आहे ते हे प्रमाण. नुसता खारटपणा जुळवून भागत नाही.

हरियाणात रोहतकच्या बाजूला जमिनीखालचे पाणी खारे आहे आणि तिथे समुद्री कोळंबी वाढवतात. त्या पाण्याचा खारटपणा पुरेसा असूनही पोटॅशियम कमी पडते, म्हणून तिथले शेतकरी तळ्यात म्युरेट ऑफ पोटॅश टाकतात. प्रमाण बिघडले की खारे पाणीही निरुपयोगी ठरते, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे नाही.

साध्या मिठाचा गैरसमज पसरायला आणखी एक कारण आहे. अळ्यांना खाऊ घालायचे आर्टेमिया मिठाच्या साध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तरी अंड्यातून बाहेर पडतात. ते पाहून लोक म्हणतात, आर्टेमिया जगते तर कोळंबी का नाही? आर्टेमिया हा मिठागरात राहणारा चिवट जीव आहे. त्याच्यावरून कोळंबीची परीक्षा करू नये.

पाणी आणायचे की कालवायचे?

तीन मार्ग आहेत. पहिला, समुद्राचे पाणी टँकरने आणणे. १००० लिटर १२ पीपीटी पाण्यासाठी ३५ पीपीटीचे सुमारे ३४० लिटर लागते. नवापूर-सुरत रस्ता चांगला असला तरी शहराजवळच्या खाडीचे पाणी गढूळ असते, कारखान्यांचे सांडपाणी त्यात असू शकते आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. दुसरा मार्ग मिठागरातले घट्ट पाणी आणण्याचा. ते १५० पीपीटीचे असेल तर १००० लिटरला ८० लिटर पुरते. गणित सोपे आहे : हवी असलेली क्षारता गुणिले एकूण लिटर, भागिले आणलेल्या पाण्याची क्षारता. पण १८० पीपीटीच्या पुढे गेलेले पाणी घेऊ नये. पाणी जितके जास्त आटलेले, तितके त्यातले कॅल्शियम खाली बसून गेलेले असते आणि पाणी पातळ केल्यावर ते परत येत नाही.

तिसरा मार्ग कालवण्याचा. नंदुरबारसारख्या ठिकाणी एक-दोन हजार लिटरच्या लहान युनिटसाठी मला हाच बरा वाटतो. रोगजंतू आणि परके जीव सोबत येत नाहीत, आणि प्रत्येक वेळी पाणी सारखेच तयार होते. मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री मीठही चालते. १००० लिटरला अंदाजे १३ किलो लागेल. पण ते प्रवाळासाठी बनवलेले असते, त्यातील सूक्ष्म घटकांचे पैसे आपण फुकट मोजतो.

१००० लिटरसाठी प्रमाण

खालील प्रमाण समुद्राच्या मुख्य क्षारांवरून १२ पीपीटीसाठी काढले आहे. पाणी पावसाचे किंवा आरओचे, म्हणजे जवळजवळ क्षारविरहित आहे असे धरले आहे.

साधे मीठ, आयोडीन नसलेले : ९.३ किलो
मॅग्नेशियम सल्फेट, खड्यांचे : २.४ किलो
मॅग्नेशियम क्लोराईड, पांढरे पापुद्रे : १.७५ किलो
कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट : ५२० ग्रॅम
पोटॅशियम क्लोराईड, पांढरे : २६० ग्रॅम
खाण्याचा सोडा : ७० ग्रॅम

बेरीज १४.३ किलो होते. मग पाणी १२ पीपीटीच कसे? कारण मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि कॅल्शियम क्लोराईड यांच्या खड्यांत पाणी बांधलेले असते. त्या तिन्हींतले मिळून सुमारे सव्वादोन किलो वजन पाण्याचेच आहे. म्हणूनच खरेदी करताना कोणता प्रकार आहे ते पाहावे. कॅल्शियम क्लोराईड निर्जल मिळाले तर ५२० ऐवजी ३९० ग्रॅम पुरते. मॅग्नेशियम सल्फेटच्या पिशवीवर मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास लिहिलेले असेल तर तो आपल्याला हवा तो प्रकार.

यातल्या बऱ्याच वस्तू कृषी सेवा केंद्रात दिसतात, म्हणून थोडे सावध करतो. लाल म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये लोहाचा अंश असतो, तो नको, पांढरेच घ्यावे. कॅल्शियम नायट्रेट हा कॅल्शियम क्लोराईडला पर्याय नाही, कारण त्याने टाकीत नायट्रेट भरते. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये सूक्ष्म अन्नद्रव्ये मिसळलेली मिश्रखते अजिबात नकोत, त्यात तांबे आणि जस्त असते. तांब्याचा किरकोळ अंशही कोळंबीला घातक ठरतो. जनावरांच्या चाटण विटांचे मीठ याच कारणाने वर्ज्य. खाण्याच्या मिठाच्या पिशवीवर 'फ्री फ्लो' लिहिले असेल तर त्यात गोळे होऊ नयेत म्हणून काहीतरी मिसळलेले असते. त्यापेक्षा आयोडीन नसलेले खडे मीठ स्वच्छ पाण्याने भरभर धुऊन, वाळवून वापरावे.

ब्रोमाईड, स्ट्रॉन्शियम, बोरॉन हे घटक समुद्रात अल्प प्रमाणात असतात. प्रवाळ ठेवणाऱ्याला त्यांची काळजी करावी लागते. महिनाभराच्या अळीसंगोपनात आपण वरच्या सहा क्षारांवर लक्ष द्यावे.

विहिरीचे पाणी असेल तर हिशेब बदलतो

आपला जिल्हा काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा. विहिरी-बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात आधीच आहे. ते न मोजता वरचे प्रमाण टाकले तर दुप्पट होते. आधी पाणी परीक्षण करून घ्यावे.

समजा अहवालात कॅल्शियम लिटरला ६० मिलिग्रॅम आले. १००० लिटरमध्ये ६० ग्रॅम झाले. आपल्याला एकूण १४० ग्रॅम हवे, म्हणजे ८० ग्रॅम कमी आहे. कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेटमध्ये २७ टक्के कॅल्शियम असते, म्हणून ५२० ऐवजी ३०० ग्रॅमच टाकावे. मॅग्नेशियम ४० मिलिग्रॅम आले तर मॅग्नेशियम क्लोराईड सुमारे ३३० ग्रॅमने कमी करावे, कारण त्यात १२ टक्के मॅग्नेशियम असते. बायकार्बोनेट अशा पाण्यात भरपूर असते, तेव्हा सोडा टाकूच नये. टाकला तर पाणी दुधाळ होऊन चुना तळाशी बसेल.

एकूण जडपणा फारच जास्त असेल, किंवा लोहाचा तांबूस थर भांड्याला बसत असेल, तर मात्र आकडेमोड करत बसू नका. पावसाचे पाणी साठवा किंवा गावातल्या आरओ केंद्राचे पाणी घ्या. बॅचला एक-दोन हजार लिटरच लागते, त्यात काटकसर परवडत नाही.

कालवण्याचा क्रम

ठिबकमधून खते देणाऱ्या केळी, पपई, मिरचीच्या शेतकऱ्यांना हा भाग नव्याने सांगायला नको. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत कालवले की जिप्सम तयार होऊन ड्रिपर बंद पडतात. तोच नियम इथे आहे.

टाकी प्लास्टिक, फायबर किंवा जुन्या, नीट पिकलेल्या सिमेंटची असावी. जस्ताचा पत्रा, तांब्या-पितळेच्या तोट्या, फवारणीचे ड्रम आणि पंप यांना टाकीजवळ फिरकू देऊ नका. ड्रम कितीही वेळा धुतला तरी भरवसा नसतो. कीटक आणि कोळंबी एकाच मोठ्या कुळातली, त्यामुळे किडीवरचे औषध कोळंबीलाही मारते, तेही फार कमी मात्रेत.

गोडे पाणी ८०० लिटर घ्यावे. निर्जंतुकीकरणासाठी ३० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून वरचे निवळ टाकावे, त्याने साधारण १० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन मिळते. नंतर दोन दिवस जोरात हवा चालू ठेवावी. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून नमुना पिवळा पडत नाही याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.

मग हवा चालू ठेवूनच आधी मीठ विरघळवावे. ते पूर्ण विरघळल्यावर मॅग्नेशियम सल्फेट, नंतर मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड. कॅल्शियम क्लोराईड वेगळ्या बादलीत २० लिटर पाण्यात विरघळवून, थंड करून, सर्वांत शेवटी हळूहळू टाकीभर फिरवत ओतावे. ते विरघळताना पाणी तापते, निर्जल असेल तर हात भाजण्याइतके. म्हणून पाण्यात क्षार टाकावा, क्षारावर पाणी ओतू नये. सोडा दुसऱ्या दिवशी, वेगळा विरघळवून. कोरडे क्षार एकत्र मिसळून वर पाणी ओतण्याची घाई ज्यांनी केली, त्यांच्या टाकीच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो. तो गाळ म्हणजे विकत घेतलेले कॅल्शियम, आणि अळीला त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी पाणी १००० लिटरपर्यंत भरून २४ तास हवा द्यावी, दाट कापडातून गाळावे आणि मगच मोजावे.

मोजायचे कशाने?

समुद्री क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावून घ्यावा. उसाचा ब्रिक्स मोजणारा यंत्र दिसायला तसाच असतो, पण त्याचा आकडा साखरेचा, तो इथे वापरू नये. काचेच्या हायड्रोमीटरवर १२ पीपीटीला २५ अंश तापमानाला १.००९ च्या आसपास वाचन येते. ईसी मीटर असेल तर २० च्या जवळ दाखवेल. ठिबकसाठी वापरतात ते खिशातले स्वस्त मीटर मात्र इतके वर जात नाहीत. सामू ७ ते ८.५ च्या दरम्यान असावा.

आकडा ११ किंवा १३ आला म्हणून घाबरू नका, अळ्या एवढा फरक सहज सोसतात. आकडा ९ आला तर वजनात चूक आहे. मॅग्नेशियम क्लोराईडही तपासून पाहावे. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी हवेतला ओलावा ओढते आणि आपण पाणी तोलत बसतो. पिशव्या डब्यात बंद ठेवा.

रोजची सांभाळणी

पाण्याचे तापमान २८ ते ३१ अंश हवे. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा फार खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, म्हणून उघड्यावरची टाकी कामाची नाही. बंद खोली आणि थंडीत हीटर लागतोच. वीज गेली तर हवा चालू राहील अशी सोय नसेल तर या कामात पडू नये.

उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार मागे राहतात. १००० लिटरमधले ५० लिटर उडाले तर क्षारता १२ वरून १२.६ होते. आठवडाभर रोज खारे पाणी भरत राहिलात तर अळ्यांच्या नकळत समुद्र जवळ येत जातो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी भरावे, आणि तळाची घाण काढताना बाहेर टाकलेल्या पाण्याच्या जागी १२ पीपीटीचे. टाकीच्या बाहेरून एक खूण करून ठेवली की कामावरच्या माणसालाही कळते.

पीएल तयार झाल्या की त्यांना एकदम गोड्या पाण्यात टाकू नये. टाकीतले थोडे पाणी काढत गोडे पाणी सोडत किमान अर्ध्या दिवसात क्षारता शून्यावर आणावी. पीएल पात्यासारखे सरळ पोहू लागतात आणि भिंतीला, तळाला धरून बसतात. अळी पाठीवर, शेपूट पुढे करून पोहते. हा फरक डोळ्यांनी दिसतो, तो दिसल्याशिवाय पाणी गोडे करायला घेऊ नये.

हे कोणी करावे?

लिटरला ५० अळ्या सोडल्या आणि निम्म्या जगल्या असे धरले तर १००० लिटरमधून २५ हजार पीएल मिळतात, म्हणजे साधारण एक हेक्टर तळ्याची सोय. एकट्या अर्ध्या एकराच्या शेततळ्यासाठी हा खटाटोप करू नये, विकत बीज स्वस्त पडेल. सरदार सरोवर किंवा उकाईच्या फुगवट्यावर काम करणारी मच्छीमार सहकारी संस्था, एखादा बचत गट, किंवा पाच-सात शेततळी असलेले गाव यांना ते परवडू शकते. अंडीवाल्या माद्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्याव्यात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने 'सीफा-जीआय स्कॅम्पी' हा सुधारित वाण दिला आहे, त्याबद्दल जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. परवानगीचे आणि अनुदानाचेही तिथेच विचारावे.

वापरलेले पाणी शेतात सोडू नका

हा मुद्दा मत्स्यपालनाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येतो. मी शेतीचा माणूस असल्यामुळे मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. समुद्रकाठी वापरलेले पाणी समुद्रात जाते. आपल्याकडे ते कुठे जाणार? १००० लिटरमध्ये १२ किलो क्षार आहेत, त्यातला बहुतांश सोडियम क्लोराईड. पिकाला २ ते ३ ईसीचे पाणीसुद्धा जपून द्यावे लागते, हे २० ईसीचे आहे. काळ्या चिकण जमिनीत सोडियम शिरला की मातीचे कण सुटतात, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. बांधावर ओतले तरी पहिल्या पावसात ते विहिरीकडेच जाते.

म्हणून पाणी पुन्हा वापरावे. खडी किंवा शिंपले भरलेल्या जैविक गाळणीतून ते फिरवत ठेवले तर अमोनिया आणि नायट्राईट काबूत राहतात. गाळणी अळ्या सोडण्याआधी दोन-तीन आठवडे चालू करून जिवाणू बसू द्यावेत. बॅच संपल्यावर पाणी गाळून, पुन्हा ब्लिचिंग करून पुढच्या बॅचला घ्यावे, क्षारता मोजून तूट तेवढी भरून काढावी. जे अगदीच टाकायचे ते शेततळ्याच्या जाड प्लास्टिक कागदाने अस्तरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हाळ्यात आटवावे. तळाशी उरलेले क्षार पिशवीत भरून ठेवावेत. ते ना जनावरांना द्यावेत, ना उकिरड्यावर टाकावेत, कारण उकिरड्याचे खत शेवटी शेतातच जाते. पावसाळ्यात खड्डा भरून वाहण्याचा धोका असतो, तेव्हा खड्डा जून लागण्याआधी कोरडा झालेला असेल असे बॅचचे वेळापत्रक आखावे.